गाण्यांची यादी कोणाची?

गाणें ही एक वस्तु आहे आणि गाण्यांची यादी ही अगदीं निराळी वस्तु आहे. बैठकीला बसलेल्या श्रोत्याला हा भेद जाणवत नाहीं. कारण तेथें गवईच क्रम ठरवितो, आणि कोणत्या रागानंतर कोणता राग घ्यावयाचा हें त्याच्या मनांत असतें, कागदावर नसतें. परंतु गाणें यंत्रांत शिरलें त्या दिवसापासून हा क्रम गवयाच्या मनांतून बाहेर पडला, आणि तो ठेवण्यास कोठें तरी जागा लागूं लागली. ही जागा कोणती असावी, आणि तेथें लिहिलेला क्रम बदलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास वाटतो त्याहून बराच लांब आहे. आज जिला प्लेलिस्ट म्हणतात आणि जी घराघरांतील मुलें बोटाच्या एका स्पर्शानें तयार करतात, तिच्यामागें तबकड्यांचे कारखाने, न्यू जर्सींतील एक प्रयोगशाळा, कांहीं हौशी कारागीर आणि अमेरिकेंतील एक दावा एवढा परिवार उभा आहे.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. आपल्याकडील गायकांना तबकडीसाठीं ख्याल तेवढ्या वेळांत आटोपावा लागे, तो याच कारणानें. युरोपांतील दीर्घ रचना मात्र अनेक तबकड्यांवर तुकड्या-तुकड्यांनीं उतरविल्या जात, आणि त्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांत घालून विकल्या जात. ‘आल्बम’ हा शब्द संगीतांत आला तो या पुस्तकामुळें. पुढें एकावर एक रचलेल्या तबकड्या आपोआप खालीं पाडणारीं यंत्रें निघालीं, आणि एक मौजेची अडचण उभी राहिली. तीन तबकड्यांची रचना असेल तर पहिलीच्या दोन बाजूंवर पहिला आणि दुसरा भाग असणें हें माणसाच्या हाताला सोयीचें. पण यंत्राला तबकडी उलटतां येत नाहीं, तें एकामागून एक पाडीतच जातें. म्हणून कारखानदारांनीं निराळी जोडणी काढली. पहिल्या तबकडीच्या पाठीवर सहावा भाग, दुसरीच्या पाठीवर पांचवा, तिसरीच्या पाठीवर चौथा. एक, दोन, तीन वाजून झाले कीं सबंध चवड उचलून उलटी ठेवावयाची; मग चार, पांच, सहा ओळीनें वाजत. एकच रचना दोन प्रकारच्या जोडण्यांत विकली जाई, आणि चुकीची जोडणी घरीं आणणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्या भागानंतर एकदम शेवटचा भाग ऐकावा लागे. क्रम कोणी ठरवावा या प्रश्नाला येथें मिळालेलें उत्तर ‘यंत्रानें’ असें होतें.

१९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें दीर्घ वादनाची तबकडी काढली. सोय झाली, पण तिच्याबरोबर क्रमहि खांचेंत कायमचा कोरला गेला. सुई उचलून पुढें ठेवणें एवढेंच स्वातंत्र्य श्रोत्याच्या हातीं उरलें. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ सालीं आली, तेव्हां कोठें घरांतल्या माणसाला आपल्या आवडीचा क्रम स्वतः बांधणें सहज साधूं लागलें. रेडिओवरून एक गाणें, शेजाऱ्यांच्या कॅसेटवरून दुसरें, असा संग्रह करावयाचा आणि डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत नांवें लिहावयाचीं, हा उद्योग १९८० नंतरच्या दशकांत पुण्यामुंबईच्या घरांतून किती चालला हें तेथील माळे अजून सांगतील. मात्र फितीच्या मधलें एखादें गाणें नकोसें झालें तर तें वगळतां येत नसे. तें पुसून त्याच मापाचें दुसरें शोधावें लागे. १९८२ सालीं लेसर किरणानें वाचली जाणारी चकती आली. तिच्या आरंभीं अनुक्रमणिका असते आणि तींत ९९ पर्यंत गाण्यांची नोंद करतां येते. परंतु कोणतें गाणें कोठें सुरू होतें एवढेंच ती सांगते. गाण्यांचीं नांवें मूळच्या आखणींत नव्हतींच. तीं पुढें जगभरच्या श्रोत्यांनीं संगणकावर स्वतः टंकून भरलीं. टी कान यांच्या एक्सएमसीडी या प्रोग्रामच्या आधारानें १९९३ च्या सुमारास हा साठा सुरू झाला, आणि १९९८ सालीं तो विकला जाऊन व्यापारी मालमत्ता बनला. नांवें भरणारांपैकीं पुष्कळांना तें रुचलें नाहीं. यादीची मालकी हा प्रश्न असा प्रथमच उघडपणें पुढें आला.

आतां जरा मागें जाऊन न्यू जर्सींतील मरे हिल येथें असलेल्या बेल प्रयोगशाळेंत डोकावलें पाहिजे. कारण यादी हातांत ठेवण्याचें जें साधन पुढें निघालें त्याची घडण तेथली आहे. १९६९ सालीं केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची कार्यप्रणाली रचावयास आरंभ केला. त्या काळीं संगणकाशीं बोलावयाचें म्हणजे टंकयंत्रासारख्या एका यंत्रावर एक ओळ टंकावयाची आणि उत्तराची ओळ त्याच कागदावर उमटण्याची वाट पाहावयाची. हीं यंत्रें सेकंदाला सुमारें दहा अक्षरें या गतीनें चालत. टंकतांना बोटें दुखत आणि वाचतांना धीर सुटे. त्यामुळें आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या झाल्या आणि उत्तरेंहि मोजकीं झालीं. काम बिनचूक झालें असेल तर युनिक्सची आज्ञा बहुधा कांहींच बोलत नाहीं. चांगल्या नोकराचें हें लक्षण जुन्या वाड्यांतील माणसांना परकें वाटूं नये.

याच ओळीला कमांड लाइन म्हणतात. चित्रांवर बोट ठेवून यंत्र चालविणें आणि ओळ टंकून चालविणें यांत फरक आहे तो हा कीं, चित्रांत जेवढीं बटणें आंखलेलीं असतात तेवढींच कामें होतात. ओळींत मात्र शब्दांची नवी जुळणी करतां येते. ही जुळणी खरी फळाला आली ती १९७३ सालीं. डग्लस मॅकिलरॉय यांनीं १९६४ सालींच एका टिपणांत सुचविलें होतें कीं, बागेंतल्या पाण्याच्या नळीला जशी दुसरी नळी जोडतात तसा एका प्रोग्रामला दुसरा जोडतां आला पाहिजे. नऊ वर्षांनीं टॉम्पसन यांनीं ती सोय करून दिली. एका प्रोग्रामच्या तोंडांतून निघालेल्या ओळी दुसऱ्याच्या कानांत जाव्या, त्यानें त्यांतून निवड करावी आणि निवडलेल्या तिसऱ्याकडे धाडाव्या. यासाठीं अट एकच होती. प्रत्येकानें साध्या अक्षरांच्या ओळी लिहाव्या आणि साध्या अक्षरांच्याच ओळी वाचाव्या. संगीताशीं या गोष्टीचा त्या वेळीं कांहींहि संबंध नव्हता.

संबंध जुळला तो जर्मनींत. एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी ध्वनीचा आकार लहान करण्याच्या खटपटींत होते. चकतीवरील चार मिनिटांच्या गाण्याला सुमारें ४२ मेगाबाइट जागा लागते. त्यांच्या पद्धतीनें तेंच गाणें चारांच्या आंत बसूं लागलें. १९९५ च्या जुलैमध्यें या फाइलींना एमपी-थ्री हें शेपूट द्यावयाचें ठरलें, आणि त्याच वर्षीं संस्थेचा विनप्ले-थ्री हा वाजविणारा प्रोग्राम बाहेर पडला. गाणीं आतां सुटीं झालीं होतीं. त्यांना ओवण्यास दोरा हवा होता. त्या प्रोग्रामसाठीं जी यादीची फाइल ठरविण्यांत आली तिला एम-थ्री-यू म्हणतात. १९९७ सालीं निघालेल्या विनॅम्पनें ती जगभर नेली.

एम-थ्री-यूची घडण इतकी साधी आहे कीं ती ऐकून हसूं यावें. कोऱ्या कागदावर एका ओळींत एका गाण्याचा पत्ता लिहावा. खालच्या ओळींत दुसऱ्याचा. संपली यादी. ज्या ओळीच्या आरंभीं जाळीसारखें # हें चिन्ह असेल ती टीप समजून यंत्रानें सोडून द्यावी. विनॅम्पच्या काळांत या टिपांचा उपयोग करून गाण्याची लांबी सेकंदांत, आणि पुढें गायकाचें व गाण्याचें नांव लिहिण्याची प्रथा पडली. पण ज्या यंत्राला ती समजत नाहीं तें टीप म्हणून ओलांडून जातें आणि कांहींहि बिघडत नाहीं. वाढीला जागा ठेवून जुन्याला न दुखविण्याची ही युक्ति फार शहाणपणाची होती. पळीपंचपात्री जशी कोणत्याहि घरांत चालते तशी ही यादी कोणत्याहि संगणकावर चालली. ती उघडण्यास खास प्रोग्राम लागत नाहीं. पत्र लिहिण्याचा प्रोग्राम पुरतो.

तिच्यांत दोष नव्हते असें नव्हे. यादींत गाणें नसतें, गाण्याचा केवळ पत्ता असतो. आणि बिऱ्हाड बदललें कीं पत्ता खोटा ठरतो. एकानें गाण्यांची पेटी एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत हलविली कीं शंभर ओळींची यादी एका क्षणांत मुकी होते. पूर्ण पत्ता लिहावा तर दुसऱ्या संगणकावर तो लागू पडत नाहीं. ‘येथून तिसरें दार’ असा सापेक्ष लिहावा तर यादीची फाइल स्वतःच हलवितां येत नाहीं. शिवाय विंडोजमध्यें पत्त्याचे टप्पे एका दिशेला कललेल्या रेघेनें तोडतात आणि युनिक्सच्या कुळांत उलट दिशेला कललेल्या रेघेनें. अशी यादी दुरुस्त करण्यास हातानें बसावें तर दिवस जातो. ओळी बदलणारी एक आज्ञा लिहावी तर दोन निमिषांत काम होतें. संगीताच्या यादीसाठीं कमांड लाइनवरील साधनें कां निपजलीं, याचें अर्धें कारण या किरकोळ वाटणाऱ्या डोकेदुखींत आहे.

उरलेलें अर्धें कारण समजण्यास म्युझिक प्लेयर डीमन याची हकीगत पाहावी. २००३ सालीं वॉरन ड्यूक्स यांनीं तो लिहिला आणि लिनक्स वापरणारांत तो लवकरच मान्यता पावला. ‘डीमन’ या शब्दानें कोणी भिऊं नये. पडद्याआड राहून सतत काम करणाऱ्या प्रोग्रामला हें नांव देण्याची चाल अमेरिकेंतील एम.आय.टी. या विद्यापीठांत १९६० नंतरच्या दशकांत पडली, आणि मॅक्सवेल या पदार्थविज्ञानवेत्त्यानें कल्पिलेल्या रेणू निवडणाऱ्या पिशाचावरून ती घेतलेली आहे. आपल्याकडे त्याला सांगकाम्या वेताळ म्हणतां येईल. हा वेताळ गाणीं वाजवितो, पण त्याला स्वतःचें तोंड नाहीं. त्याच्याशीं कोणीहि बोलावें. बोलणें मात्र साध्या अक्षरांच्या ओळींत असावें. या योजनेंत वाजविणारा एक आणि सांगणारे अनेक अशी फोड झाली. दिवाणखान्यांतील संगणक वाजवितो, आणि माजघरांतील फोनवरून, वरच्या मजल्यावरील दुसऱ्या संगणकावरून, किंवा परगांवाहूनहि त्याला आज्ञा देतां येते. कमांड लाइनवरून त्याच्याशीं बोलणारें जें लहानसें साधन आहे त्याचें नांव एमपीसी.

या साधनाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘ॲड’ म्हटलें कीं गाणें यादींत येतें, ‘डेल’ म्हटलें कीं जातें, ‘मूव्ह’ म्हटलें कीं जागा बदलतें, ‘क्रॉप’ म्हटलें कीं चालू गाणें सोडून बाकी सगळीं पुसलीं जातात. सध्यां वाजत असलेली रांग आणि नांव देऊन जपून ठेवलेली यादी या दोन वस्तु येथें निराळ्या मानल्या आहेत. हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो, पण ज्यानें रात्रीच्या मैफलीसाठीं बांधलेला क्रम पाहुण्यांच्या हट्टापायीं विस्कटलेला पाहिला आहे त्याला त्याची किंमत कळेल. रांग विस्कटो; जपलेली यादी जशीच्या तशी राहते. ती त्याच नांवानें पुन्हां जपूं गेल्यास वेताळ सहसा नकार देतो, जुनीवर नवी लिहीत नाहीं. आणि ती जपून ठेवतो तो एम-थ्री-यूच्याच साध्या ओळींत, म्हणजे वेताळ उद्यां नाहींसा झाला तरी यादी वाचतां येते.

माणूस एकापासून मोजतो आणि यंत्र शून्यापासून. वेताळाच्या भाषेंत पहिल्या गाण्याचा क्रमांक शून्य आहे. एमपीसी मात्र माणसाला एकपासूनच क्रमांक दाखवितें आणि मध्यें उभें राहून निमूटपणें एक वजा करतें. दुभाष्याचें काम असेंच असावें.

याहून बिकट प्रश्न आला तो अनेक सांगणारांमुळें. माजघरांतून कोणीं तरी ‘तिसरें गाणें काढ’ म्हटलें, आणि त्याच क्षणीं माडीवरून दुसऱ्यानेंहि तेंच गाणें नको म्हणून ‘तिसरें काढ’ म्हटलें. पहिली आज्ञा झाली; चौथें गाणें सरकून तिसरें झालें; आणि दुसऱ्या आज्ञेनें तें निरपराध गाणें गेलें. दोघांचीहि इच्छा एकच होती आणि दोघांनींहि बरोबर आज्ञा दिली होती. यावर उपाय असा केला कीं, रांगेंत शिरणाऱ्या प्रत्येक गाण्याला जागेच्या क्रमांकाखेरीज स्वतःचा एक ओळखक्रमांक द्यावयाचा. जागा बदलली तरी हा क्रमांक बदलत नाहीं. शाळेच्या पटावर विद्यार्थ्याचा नोंदणी-क्रमांक निराळा आणि वर्गांतील बांकाची जागा निराळी, तसेंच हें. त्याशिवाय रांगेला आवृत्तीचा आंकडा दिलेला असतो आणि प्रत्येक फेरफाराबरोबर तो वाढतो. म्हणजे एखाद्या फोनला सबंध यादी पुन्हां मागवावी लागत नाहीं, ‘अमुक आवृत्तीनंतर काय बदललें’ एवढेंच विचारतां येतें. पुढें तर ‘कांहीं घडलें तरच जागें कर’ अशीहि एक आज्ञा त्यांत आली. त्यापूर्वीं हे सगळे प्रोग्राम प्रवासांतल्या पोराप्रमाणें दर क्षणाला ‘आलें का?’ ‘आलें का?’ असें विचारून वेताळाला सतावीत असत.

आणि येथें मॅकिलरॉय यांची नळी उपयोगीं पडली. एमपीसीला ‘अमक्या गायकाचें सर्व शोध’ म्हटलें कीं तें ओळी ओतूं लागतें. त्या ओळी निवड करणाऱ्या, क्रम लावणाऱ्या किंवा पिसणाऱ्या आज्ञेंतून नेऊन शेवटीं पुन्हां एमपीसीच्याच ‘ॲड’ला पाजल्या कीं नवी रांग तयार. पाऊस लागला कीं मल्हाराचे प्रकार, पहांटे भैरव, आणि एकदां वाजलेलें महिनाभर पुन्हां नको, अशी अट बटणांच्या पाटीवर कोणी आंखून ठेवलेली नसते; ओळींत ती ज्याची त्याला लिहितां येते.

मात्र मराठी घरांतील यादी या नळींतून सहजासहजीं वाहिली नाहीं. गाण्याच्या फाइलीच्या शेवटीं गायक, गाणें, साल यांची चिठी जोडण्याची पद्धति १९९६ सालीं एरिक केम्प यांनीं काढली. ती चिठी १२८ बाइटांची, आणि गाण्याच्या नांवाला तींत जागा तीसच. रोमन लिपींत तीस अक्षरें बसत. देवनागरीची पुढें रूढ झालेल्या युनिकोडच्या बांधणींत एकेका अक्षराला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी निराळ्या मोजल्या जातात, म्हणजे तीसांत दहा खुणा. शिवाय संगीताच्या प्रकारासाठीं त्या चिठींत ८० क्रमांक ठरविले होते. त्यांत पोल्का या नाचाला स्वतंत्र क्रमांक होता, हिंदुस्थानी संगीताला नव्हता. सहाजिकच आपल्या घरांतून गाण्यांचीं नांवें रोमन लिपींत लिहिलीं गेलीं, आणि तींहि मन मानेल तशीं. लक्ष्मी लिहितांना एकानें ‘क्ष’साठीं ‘एक्स’ घातला, दुसऱ्यानें ‘के, एस, एच’. शोध घेणाऱ्या आज्ञेला हे दोन शब्द निराळेच. एकाच गायिकेचीं गाणीं दोन ठिकाणीं विखुरलीं आणि नळींतून निम्मींच बाहेर आलीं.

हा गुंता सोडविण्याचें साधनहि युनिक्सच्या त्याच मंडळींकडून आलें, हा योग मोठा विलक्षण आहे. १९९२ च्या सप्टेंबरमध्यें न्यू जर्सींतील एका खाणावळींत रात्रीचें जेवण घेतां घेतां केन टॉम्पसन यांनीं रॉब पाइक यांच्यादेखत थाळीखालच्या कागदावर यूटीएफ-आठ या लेखनपद्धतीची आंखणी केली. जगांतील सर्व लिप्या तींत मावतात, आणि जुन्या रोमन फाइलींतील एकहि बाइट बदलावा लागत नाहीं. त्यामुळें जुन्या आज्ञा आणि जुन्या नळ्या तशाच चालूं शकल्या. एम-थ्री-यूची यादी या लेखनांत लिहिली असेल तर तिच्या नांवापुढें आठाचा आंकडा जोडून तिला एम-थ्री-यू-एट म्हणूं लागले. तेव्हांपासून नाट्यगीताचें पद देवनागरींत लिहून तें तसेंच शोधणें शक्य झालें. मात्र मधल्या काळांत रोमन लिपींत भरलेल्या हजारों चिठ्या त्या त्या घरीं कोणी तरी बसून दुरुस्त केल्याशिवाय शुद्ध होत नाहींत.

आतां दाव्याकडे. ॲपल कंपनीनें २० वर्षांहून थोडा अधिक काळ, म्हणजे २००१ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या मेपर्यंत चाललेल्या आयपॉडच्या कुळाला, आरंभापासून एक विशेष दिला होता. वीसेक वर्षांच्या या कारकीर्दींत, आयफोनच्या धर्तीवरील शेवटचे नमुने सोडले तर, त्याच्या पोटांतील गाण्यांची यादी साध्या ओळींत नसून आयट्यून्स-डीबी नांवाच्या आंकड्यांच्या फाइलींत असे. गाणीं लपलेल्या कप्प्यांत, चार अर्थहीन अक्षरांच्या नांवांनीं ठेवलेलीं. गाणें त्या कप्प्यांत नुसतें टाकून भागत नाहीं; यादींत नोंद नसेल तर तें पेटींत असूनहि नसल्यासारखें. ही यादी लिहिण्याचा मान कंपनीच्या आयट्यून्स या प्रोग्रामचा, आणि लिनक्ससाठीं तो प्रोग्राम कंपनीनें कधींच काढला नाहीं. हौशी कारागिरांनीं मग त्या फाइलीचा एकेक बाइट ताडून तिची रचना उलगडली. एड्रियन उलरिख यांचें नूपॉड हें त्यांतून निघालेलें कमांड लाइनचें साधन. त्याची रीत अशी, कीं यादीची एक सुवाच्य प्रत स्वतःजवळ ठेवावयाची, गाणें घालण्याच्या व शोधण्याच्या आज्ञा त्या प्रतीवर चालवावयाच्या, आणि शेवटीं एका आज्ञेनें त्या प्रतीवरून आयपॉडला समजणारी फाइल तयार करून द्यावयाची. घरची वही मराठींत आणि कचेरीचा तक्ता इंग्रजींत, असा कारभार जुन्या पेढ्यांत चालत असे, तसलाच हा.

२००७ च्या सप्टेंबरमध्यें निघालेल्या नव्या आयपॉडांत कंपनीनें यादीवर एक गणिती मोहोर बसविली. मोहोर जुळली नाहीं तर पेटी रिकामी दिसे. विकत घेतलेलें यंत्र, आपलींच गाणीं, पण क्रम लिहावयाचा तर दुसऱ्याची मोहोर हवी. कारागिरांनीं थोड्याच दिवसांत ती उकलली. पुढच्या यंत्रांत मोहोर बदलली, तिचीहि चर्चा ब्लूविकी या सार्वजनिक नोंदवहींत सुरू झाली. २००८ च्या नोव्हेंबरमध्यें कंपनीच्या वकिलांनीं नोंदवही चालविणाऱ्या ओडियोवर्क्सला तीं पानें काढण्यास सांगितलें, आणि तीं काढलीं गेलीं. परंतु २००९ च्या एप्रिलमध्यें इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या मदतीनें ओडियोवर्क्सनेंच कॅलिफोर्नियांतील संघीय न्यायालयांत दावा लावला. म्हणणें एवढेंच, कीं यंत्र कसें चालतें याविषयीं बोलणें हा अपराध नव्हे. त्या वर्षाच्या जुलैमध्यें कंपनीनें आपली मागणी मागें घेतली आणि दावा मिटला. निकाल लागला नाहीं, म्हणून कायद्याचा प्रश्न मोकळाच राहिला. पानें मात्र परत आणण्यास वाट मिळाली. कंपनीला गीतविक्रेत्यांशीं केलेले करार सांभाळावयाचे होते हें खरें. तरी गाण्याचें रक्षण आणि यादीचें रक्षण या दोन गोष्टी निराळ्या होत्या, आणि मोहोर बसली ती यादीवर.

पुढें प्रश्नाचें रूप पालटलें. २००८ च्या ऑक्टोबरमध्यें स्पॉटिफायसारखी सेवा सुरू झाली, आणि गाणेंच घरांत राहीनासें झालें. तेथें श्रोता यादी करतो, पण ती परक्याच्या घरीं राहते. करार संपला कीं यादींतील ओळ फिकट होते आणि गाणें वाजत नाहीं. याहि यादीची साधी प्रत काढून ठेवणारीं कमांड लाइनचीं साधनें हौशी लोकांनीं लिहिलीं आहेत. तीं कितपत चालावीं हें मात्र ती सेवा ठरविते.

गंमत अशी, कीं ज्या ॲपलनें आयपॉडच्या यादीवर मोहोर बसविली त्याच कंपनीनें २००९ सालीं इंटरनेटवरून ध्वनि व चित्रें धाडण्यासाठीं नवी पद्धति काढली तेव्हां तिला फ्राउनहोफरची ती जुनी साधी यादीच उपयोगीं पडली. कार्यक्रमाचे कांहीं सेकंदांचे तुकडे करावयाचे आणि एका ओळींत एका तुकड्याचा पत्ता लिहावयाचा. सूचना सगळ्या # चिन्हाच्या टिपांत. २०१७ सालीं या पद्धतीचा जो लेख इंटरनेटच्या नियमपत्रांत ८२१६ या क्रमांकानें छापला गेला त्यांत यादी यूटीएफ-आठमध्येंच लिहिली पाहिजे असा दंडक आहे. इंटरनेटवरील कितीएक रेडिओ केंद्रें आज याच रीतीनें ऐकूं येतात. श्रोत्याचा फोन दर कांहीं सेकंदांनीं यादी पुन्हां मागवितो, खालीं नव्यानें आलेल्या ओळी वाचतो, आणि जुन्या ओळी वरून गळून पडतात. छापील कार्यक्रमासाठीं यादीच्या शेवटीं ‘यादी संपली’ अशा अर्थाची एक टीप असते. प्रत्यक्ष प्रक्षेपण चालू असेपर्यंत ती टीप लिहीत नाहींत.